डावं दार

सलमाबादच्या गॅरेजात एकोणसाठची इम्पाला.
शुक्रवारी मालक येतो, खजूर ठेवतो,
मागच्या पंखावरून नुसता तळहात फिरवतो,
घोड्याला थोपटावं तसा.

मी डोळे मिटून पत्रा चाचपतो.
बोटांना कळतं, इथं कुणी घाई केली होती.
खारा वारा, तीन थर रंग,
तळाशी मूळचा फिका मोरपंखी.

काल डाव्या दाराचं अस्तर उचकटलं.
आत पेन्सिलनं, मराठीत:
‘दार दोन सूत उतरलंय.
पॅकिंग घालू नकोस. ठोक, पत्रा ऐकतो.
– परकार, ७८’

पॅकिंग मी कापूनच ठेवलं होतं.

संध्याकाळी दार लागलं,
जाड चोपडी मिटावी तसं,
ठप्प.

अस्तर बसवण्याआधी पेन्सिल शोधली.
खाली लिहिलं:
ऐकलं.