दुसरी चाबी

वरचा मजला चौदा महिने रिकामा होता.
एजंट त्यांना घेऊन आला एप्रिलात, भर दुपारी,
गल्लीतलं कुत्रं नालीत जाऊन बसलं होतं अशा उन्हात.
दुआर्ते, मिहानात विमानांची इंजिनं उघडतो.
इनेश.
आणि सात वर्षांची लिओनोर, नाक लालबुंद,
हातात पाण्याची रिकामी बाटली.

मी म्हटलं, घ्या जी, चाबी.
इनेश थबकली. शाव्ह? म्हणाली.
मी म्हटलं, चाबी.
ती माझ्या तळहाताकडे पाहत राहिली,
जसं काही मी तिच्याच घरून उचललेलं
तिलाच परत देत होते.

मग सुरूच झालं ते.
बालटी दाखवली, ती म्हणे बाल्द.
आलमारी उघडली, तर अर्मारियु.
कूलरच्या ताट्या बदलायला रफीक मिस्त्री आला,
त्यालाही तिनं ओळखलं. मेश्त्र! मेश्त्र!
तो बिचारा शिडीवरून माझ्याकडे पाहू लागला,
बाई, काय केलं मी?
गाडी अडली ती बटाट्यावर.
बताता, बताता, पिशवी हलवून ती सांगत होती
आणि मी ठासून म्हटलं, नाही बाप्पा,
बटाटा तिकडे पुण्यात. इथं आलू.

कोणत्या जहाजातून उतरले असतील हे शब्द,
किती पिढ्या पायी चालत सोमलवाड्यात पोचले.
यांना कोणी भाडेकरार मागितला नाही.
तिला मात्र नोंदणीच्या कचेरीत चार चकरा,
फोटोचे कान दिसत नाहीत म्हणून पाचवी.

रात्री दुआर्ते गच्चीवर उभा राहायचा,
उतरणारं विमान कोणतं ठीक, कोणतं खोकतंय
हे लेकीला आवाजावरून सांगायचा.
इनेश खाली माझ्याजवळ, मेथी निवडायला.
काड्या ठेवायची, पानं फेकायची.
दोन दिवस मी काही म्हटलं नाही.
तिच्या आईचा फोन आला की ती वर जायची,
न्हाणीघरात नळ सोडून बोलायची.
माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून
ते पाणी वाहत राहायचं, कधी पाऊण तास.
बिल दुप्पट आलं जूनचं.
तेही मी काही म्हटलं नाही.

तान्ह्या पोळ्याला शेजारच्या पुष्पानं
नातवाचा जुना लाकडी नंदी दिला लिओनोरला,
एक चाक ढिलं, शिंगांना बेगड.
अख्ख्या गल्लीत तिचाच आवाज,
बोजारा द्या जी, बोजारा!
एकशे बारा रुपये जमवले पोरीनं,
वर खोकल्याची एक गोळी.

संध्याकाळी वाऱ्यानं वरचं दार आपटलं.
लाईट गेलेली, जिन्यात तिघं उभी.
इनेश पर्स उपसते आहे, पुटपुटते आहे,
शाव्ह, शाव्ह.
नंदी कडेवर घेतलेली लिओनोर म्हणाली,
शाव्ह नाही. चाबी. चा. बी.
शाळेत बाई म्हणतात तश्शी.

दुआर्ते हसला.
इनेशचा हात पर्समध्येच थांबला,
मग तीही हसली, थोड्या वेळानं.

दुसरी चाबी माझ्याकडे होती, कॅलेंडरमागच्या खिळ्याला.
मी उठले, पण ती लगेच काढली नाही.
वरून पोरीचा आवाज आला, बारीक,
माँय.
तिच्या बोलीतलं म्हणाली की माझ्या,
अंधारात काही कळलं नाही.
खालून मीच ओ देणार होते.