सात रंगांची माती

बॅग उघडली तर आधी वास आला व्हॅनिलाचा,
मग ओल्या टॉवेलचा.
वन्सं म्हणाल्या, साखर फुटली असेल.
साखर शाबूत होती. मॉरिशसची, तांबूस, खडबडीत,
दोन किलो,
कस्टमवाल्यानं हातात तोलून
"साखर? तिकडून?" असं विचारलेली.

फुटलं नव्हतं काहीच.
फक्त काचेची ती नळी,
जिच्यात सात रंगांच्या मातीचे सात थर
एका बाईनं चिमटीनं भरून दिले होते,
विमानात कुठंतरी आडवी झाली असणार.
आता सगळा एकच रंग.
मातकट म्हणतात तो.

सहा रात्री, सात दिवस, बत्तीस माणसं,
सहलप्रमुख साटविलकर, गळ्यात शिट्टी.
बोटीवर सगळ्यांनी भाकरवडी काढली
आणि समुद्राकडे पाठ करून फोटो.
मीही काढले.
पाणी इतकं निळं की वन्संनी
हात बुडवून बोटं निरखली,
लागलाय का रंग.

बसचा ड्रायव्हर देवराज भिवाजी.
भिवाजी हे आडनाव कसं, मी विचारलं.
"पणज्याचा नाव," तो म्हणाला.
"बोटीवर चढला तवा गोऱ्या कारकुनान
येकच रकाना भरला."
त्याचं मराठी खारवलेलं,
मधेच क्रिओल, मधेच एखादा शब्द
जो मी गुहागरच्या बाजारात शेवटचा ऐकला होता
वाटे लावणाऱ्या बाईच्या तोंडून.

दोन्ही बाजूंना ऊस.
उसात मधेच काळ्या दगडांचे ढीग, देवळाएवढे.
"हे आमच्या मानसांनी येचलेले," तो म्हणत होता,
"येकेक धोंडा, हातान..."
साटविलकरांनी शिट्टी वाजवली.
उजवीकडे बघा, डोंगर!
एकतीस माना उजवीकडे.
माझीही अर्धी वळली, खोटं कशाला बोलू.

विमानतळावर बॅगा उतरवताना त्यानं विचारलं,
"तुमचा पन बेटच ना, मुंबई?"
मी म्हटलं, नाही हो. शहर आहे.
"आनि ज्या धक्क्यावरना आमी निघालो, तो कसा हाय?"
निघालो म्हणाला. निघाले नाही.
मी म्हटलं, घराजवळच आहे अगदी,
फोटो पाठवीन.

अडतीस वर्षं माझगावात राहते.
गॅलरीतून क्रेनच्या माना दिसतात,
रात्री भोंगा होतो तेव्हा
मी कूस बदलते, जागी होत नाही.
धक्क्यावर कधी गेले नव्हते.
काम काय माझं तिथं?

तिसऱ्या दिवशी गेले.
पहिल्या गेटवर पास मागितला,
दुसऱ्यावर आधार कार्ड, मग पास.
तिसऱ्या गेटवरचा म्हातारा रखवालदार
डबा उघडून बसला होता.
त्याला सांगितलं सगळं,
बोट, पणजोबा, रकाना.
त्यानं नीट ऐकून घेतलं. मिरची चावत म्हणाला,
"इधर से आदमी नहीं जाता, माताजी.
माल जाता है."

मग भिंतीचाच काढला फोटो.
लांबच लांब भिंत, वर काचा रोवलेल्या,
फटीतून एक पपईचं रोप निघालंय,
आणि खाली कुणीतरी दोन वेळा रंगवलंय
येथे वाहन उभे करू नये.
तोच पाठवला.

तिकडे घड्याळ दीड तास मागे.
उत्तर मात्र चौथ्या दिवशी आलं:
"छान हाय. दर्या कुठं?"

काय लिहू?
भिंतीच्या पलीकडे, असं लिहिलं. पुसलं.
आम्हालाही दिसत नाही, असं लिहिलं.
तेही खरं नव्हतं, गॅलरीतून
दोन इमारतींच्या मधे बोटभर दिसतो,
वन्संना विचारा, त्या तिथं पापड वाळत घालतात.

त्यांनी साखर डब्यात भरली आहे.
नळी फेकायला निघाल्या होत्या, मी घेतली,
खिडकीत उभी करून ठेवली आहे.
चहा आला.
तिकडची साखर गोडाला कमी,
दोन चमचे जास्त लागतात.