बलक

एमिलचा पहिला रिपोर्ट आला त्या आठवड्यापासून
मी अंडी दोन भांड्यांत फोडू लागले.
पांढरं त्याला. पिवळं कुत्र्याला.
सत्तावीस वर्षं.
एकामागून एक तीन कुत्री झाली,
तिन्ही मरेपर्यंत चकाकत होती.

डॉक्टर ओग्लट्री आकडा वाचायचे
आणि आम्ही दोघं निकालाला उभ्या पोरांसारखे.
आकडा उतरलेला असला की परतताना
कॉल्डवेलच्या बेकरीत एकच कोलाच, खसखशीचा,
निम्मा निम्मा.
माझ्या सासूने डुकराच्या चरबीत तळलेलं खाऊन
एक्याण्णव गाठली होती,
पण तिचा विषय आमच्याकडे काढायचा नसे.

एमिलचं हृदय शेवटपर्यंत ठणठणीत होतं.
हे मला दफनानंतर कुणीतरी कौतुकाने सांगितलं.
तो पडला न्हाणीघराच्या दारात,
फेब्रुवारीत, पहाटे चारला.
काही मोडलं नव्हतं. नुसता बसला होता फरशीवर,
आणि पाय त्याचे ऐकत नव्हते.
म्हणाला, व्लास्ता, जरा हात लाव.
मी काखेत हात घातले.
एकशे एकोणऐंशी पौंड.
मी ओढलं, त्याने ओढलं,
मग आम्ही दोघंही फरशीवर बसून हसलो,
मग हसू थांबलं.
आमच्या रस्त्याला अ‍ॅम्ब्युलन्स यायला पन्नास मिनिटं लागतात.
फरशी टेक्सासमध्येसुद्धा गार असते.
बाकीचं न्युमोनियाने उरकलं.

कॉलेजला साठीच्या पुढची माणसं हवी होती,
बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा वजनं,
आणि खाणं ते सांगतील तसं.
मारिबेल नावाच्या पोरीने चिठ्ठी काढायला लावली.
माझ्या चिठ्ठीत: रोज तीन अंडी, सबंध.
सबंध हा शब्द मी दोनदा वाचला.

पहिल्या सकाळी हात आपोआप
कवचाच्या दोन वाट्यांत बलक झुलवू लागला,
इकडून तिकडे, इकडून तिकडे.
दाराशी कुत्रं नव्हतं
तरी मी दाराकडे बघितलं.
मग खाल्लं. जिभेला आठवायला वेळ लागला,
लागल्यावर मात्र
मी ताटली पावाने पुसून घेतली.

अर्व्हिन उरबान्स्की, कापसाच्या जिनमधून निवृत्त,
वजन उचलताना रेडा अडल्यासारखा ओरडतो.
त्याच्या चिठ्ठीत नुसतं पांढरं आलं.
चौथ्या आठवड्यात डबा उघडताना हळूच म्हणाला,
एक दे की, कोण बघतंय?
मी झाकण लावलं.
आयुष्यात दुसऱ्यांदा एका पुरुषाला मी बलक नाकारत होते,
आणि दोन्ही वेळा कारण एकच,
शास्त्र.

बाराव्या आठवड्यात मारिबेलने कागद पुढे केला.
स्नायू वाढलेत. दोन पौंड, वर थोडे.
रक्तातला आकडा जवळपास होता तिथेच.
अंड्यांनी? मी विचारलं.
तिने पेन्सिल कानामागे खोचली.
म्हणाली, बलक खाणाऱ्यांचं जास्त वाढलेलं दिसतंय खरं.
दोन माणसं रस्त्याने सोबत जाताना दिसली
म्हणून कोण कुणाला नेतंय ते कळत नाही ना, मिसेस मिकेश्का.
मला पोरगी आवडली.
ओग्लट्रींना कधी असं म्हणता आलं नाही.

शेवटचा उचल जमिनीवरून.
सोनेरी नाही, काळी, गंजकी पट्टी, दोन्हीकडे चकत्या.
गुडघे वाकवले, पाठ सरळ,
एमिलच्या काखेत घालावेत तसे हात.
एकशे दहा.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्व्हिनने शिट्टी मारली.
मी पट्टी धरून उभी राहिले
आणि मनात वजाबाकी केली.
एकोणसत्तर पौंड एमिल
अजून फरशीवरच होता.

खाली ठेवताना आवाज न करता ठेवली.
मारिबेलला विचारलं,
पुढच्या सोमवारी खोली उघडी असते का?
अंडी
माझी मी आणीन.