दोन पंचमांश

माझं काम चुका लिहिण्याचं होतं.
बरोबर उत्तर एकच, ते ओल्देमारने आधीच यंत्रात भरलेलं.
बाकीचा सगळा गोतावळा माझ्या वाट्याला.
मोन्तेविदेओत, चौथ्या मजल्यावर, गॅसच्या शेगडीपाशी बसून
मी पोरांच्या वतीने चुकायची:
हातचा विसरला, त्याला हा इशारा,
लसावि चुकला, त्याला तो,
घाईत वजाबाकी केली, त्याला नुसतं 'सावकाश'.
एकवीस वर्षं खडू खाल्लेली बाई मी.
चुकांची वंशावळ मला तोंडपाठ होती.

मग नोंदींच्या ढिगात तो सापडला.
विद्यार्थी ४४१७. ताकुआरेम्बोच्याही पलीकडची शाळा.
एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश?
दोन पंचमांश.
'छेद आधी समान कर.'
दोन पंचमांश.
केकचं चित्र.
दोन पंचमांश.
केकचं चित्र, या वेळी रंगीत, वर चेरी.
दोन पंचमांश.
असं एकोणीस वेळा.
विसाव्या वेळी यंत्राने, मीच पढवल्याप्रमाणे,
'छान प्रयत्न!' म्हणत
त्याला मागच्या धड्यावर पाठवून दिलं.

पाच तास बस. पुढे गुरांच्या डॉक्टरची गाडी,
मांडीवर लसींचा खोका.
निलगिरीच्या रांगेमागे शाळा, कुंपणाला दोन घोडे बांधलेले,
अकरा मुलं.
सुल्माबाईंनी तुंब्यातून कडू माते पुढे केला.
वाळक्या भोपळ्याचा तो तुंबा.
मुलाला भोपळा देऊन आलेल्या बाईच्या हातात
भोपळाच आला, मी मनात म्हटलं,
आणि नळीला ओठ भाजून घेतले.

यामांदू. वय दहा. कोपरांना माती.
लॅपटॉपचं एक बटण उडालेलं,
तिथे त्याने मक्याचा दाणा चिकटवला होता.
"दोन पंचमांश कसे आले रे?"
त्याने माझ्याकडे पाहिलं,
आता ही केक काढणार, अशा नजरेने.
मग उठून बाहेर गेला. मी मागोमाग.
एका बाजूला फाटकाचा खांब, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरचं टायर,
त्याला तो गोल म्हणत होता.

"शनिवारी दोन पेनल्टी मारल्या, एक आत गेली.
रविवारी तीन. एक आत.
एकूण मारल्या किती?"
पाच, मी म्हटलं.
"आत किती?"

वारा होता. एक घोडा फुरफुरला.
माझ्या चारशे बारा इशाऱ्यांत
याला द्यायला एकही नव्हता.
त्याचं गणित चोख होतं, फक्त ते
मी घातलेलं गणित नव्हतं,
आणि एकोणीस वेळांत
'तू कोणतं सोडवतोयस?' असं
आम्ही दोघींनी, मी आणि यंत्राने, विचारलं नव्हतं.

सुल्माबाईंनी लगामाची जुनी वादी आणून दिली.
तिचा अर्धा भाग मोजला, मग तिसरा, शेजारी शेजारी धरले.
तो बराच वेळ बघत राहिला.
वादीचा उरलेला तुकडा बोटाला गुंडाळला, सोडला.
"हे वेगळंय," म्हणाला.
"मग तसं आधी सांगायचं ना."

परत आल्यावर ओल्देमारकडे एक चौकट मागितली.
रिकामी. वर एवढंच: हे तुला कसं सुचलं?
तो म्हणाला, यंत्राला हे तपासता येणार नाही.
मी म्हटलं, ठाऊक आहे.
मग वाचणार कोण? सात हजार मुलं आहेत, बाई.
मी म्हटलं, ४४१७ पासून सुरुवात करते.

आठवड्याने चौकटीत पहिली अक्षरं उमटली.
मक्याच्या दाण्याचं बटण अजून नीट चालत नसावं,
एक अक्षर सगळीकडे गळलेलं.
धड्याबद्दल चकार शब्द नाही.

'नंतर चार मारल्या. तीन गेल्या.
आधीच्या पाचांत मिळवून सांगा.'

बाहेर अंधार पडला होता, शेगडी विझली होती.
मी पेन्सिल घेतली,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
छेद समान न करता
बेरीज केली.