आण

वायंगणीच्या वाळूत हातभर खोल
एकशे अकरा अंडी, वर टोपली पालथी.
घरटं नंबर सात. काठीला पत्र्याचा तुकडा,
त्यावर खिळ्याने कोरलेली तारीख, एकोणीस फेब्रुवारी.
मी थर्मामीटरची तार खाली सोडते
आणि भिवा तांडेल विडी विझवून विचारतात,
"बाय, हेच्यात झील किती नि चेडवां किती?
नि ता ठरयता कोण?"

वाळू, असं म्हणून टाकावंसं वाटतं.
एकोणतीस अंशांखाली बहुतेक नर,
एकतिसाच्या वर बहुतेक माद्या.
पण वाळूचा निरोप पेशीच्या आत
नेऊन पोचवतं कोण?

तुमची आई फणसाला आण घालायची, आठवतं?
बुंध्याला झावळीची एक पात, तिला एक गाठ.
झाड तेच, गरे तेच, चीक तोच,
वाटेवरचं पोर मात्र हात मागे घेई.
तसंच काहीसं आहे हे.
लांबच लांब धागा, हिस्टोनच्या रिळांवर गुंडाळलेला,
रिळातून बाहेर लोंबणारं एक शेपूट,
त्याच्या सत्ताविसाव्या मण्याला
मिथाइलच्या तीन गाठी.
धाग्यावरचं एकही अक्षर खोडलेलं नाही.
एवढंच, की इथलं वाचू नये.

नर होण्याचं पान अशा गाठींखाली मिटलेलं असतं.
वाळू गार असली की एक एन्झाइम येतं,
पोटात लोखंडाचा एकच अणू,
कामाला चिमूटभर ऑक्सिजन,
आणि एकेक गाठ सोडवत जातं.
वाळू तापली की ते फारसं बनतच नाही.
आण तशीच राहते. पिल्लू मादी.
(हे सापडलं परदेशातल्या, गोड्या पाण्यातल्या कासवात.
आपल्या समुद्रातलीही तशीच असतील,
मी धरून चाललेय.)

सुटलेली गाठ जाते कुठे?
फॉर्मल्डिहाइड होऊन जाते.
कॉलेजच्या कपाटात, काचेच्या बरणीत
एक पिल्लू वर्षानुवर्षं पांढरं पडतंय,
त्या बरणीचा जो वास, तेच हे.
मला हे कळलं त्या रात्री झोप आली नाही.
जिवंत पेशीच्या आत
थेंबाच्याही थेंबाइतकी ती बरणी.

भिवा ऐकतात की नाही कोण जाणे. वाळू हुंगतात.
तीस वर्षांपूर्वी हीच अंडी
ते बाजारात नेत, रुपयाला चार.
हात तेच. डाव्या अंगठ्यावर गळाची खूण तीच.
"तुमच्यावरची आण कोणी काढली?"
"पगार गावता," ते म्हणतात, आणि हसत नाहीत.

पेशी दुभंगते तेव्हा गाठीही वाटल्या जातात.
मग दुसरं एन्झाइम, बांधणारं,
शेजारची जुनी गाठ चाचपून
मोकळ्या जागी तशीच नवी मारतं.
म्हणून यकृत सकाळी यकृतच असतं,
डोळ्याच्या जागी रातोरात दात उगवत नाही.
इतकी साधी गोष्ट, आणि रोज कुणीतरी करावी लागते.

मार्चचा तिसरा आठवडा. बत्तीस पूर्णांक चार.
भिवा उठतात, माडाच्या झावळ्या ओढत आणतात,
सातवर मांडव घालतात.
आठ आणि नऊ उघडी राहू देत, मी म्हणते.
असं म्हणणारी मी कोण,
ते मला विचारत नाहीत.

बावन्नाव्या दिवशी टोपली उचलली.
एकशे अकरातली अठ्ठ्याण्णव.
बाहेरून नर-मादी कळत नाही,
कळून घ्यायचं तर पुन्हा बरणी.
आम्ही कळून घेतलं नाही.
सगळी पाण्याकडे सरपटली, एक उलटं फिरलं
आणि रापणीच्या जुन्या दोरात अडकलं.
भिवांनी उकिडवं बसून, नखाने, गाठ सोडवली,
आणि मग बराच वेळ
काडेपेटी शोधत राहिले.