पिवळी रेषा

खानापूरच्या कॉलेजात डार्करूमची किल्ली
सोमण सरांच्या जानव्याला असायची.
वर्गात आम्ही तिघी. अंधारात पोरींनी जायचं नाही,
गेलंच तर दार उघडं ठेवायचं,
आणि दार उघडं तर अंधार कसला?
सोडियमचा दिवा मी तीन वर्षं
बाहेरच्या बाकावरून पाहिला.

स्पेक्ट्रोमीटर दळवी फिरवायचा.
आत डोळा लावून आकडे ओरडायचा,
मी लिहून घ्यायची.
माझं अक्षर सुरेख होतं ना.
धारवाडच्या परीक्षकानं माझं जर्नल वर धरून दाखवलं
आणि प्रश्न सगळे दळवीला विचारले.

पिवळी रेषा एक नाही, दोन असतात,
अगदी चिकटून.
मी लिहिलं होतं : दोन.
पुस्तकात तसं होतं म्हणून.

आता किल्ली माझ्या पर्समध्ये,
एस.टी.च्या पासाशेजारी.
यंदा चौदांत अकरा मुली.
मुलं बेळगावला इंजिनिअरिंगला गेली,
रिकाम्या बाकांवर या येऊन बसल्या.
ह्याला पुढं जाणं म्हणायचं
की मागं उरलेलं वाट्याला येणं?
संमेलनात भाषण करायला सांगतात तेव्हा
हे वाक्य मी गाळते.

गौरव्वा लोंढ्याची. आई काजू सोलते,
त्या चिकानं काळी पडलेली बोटं लेकीचीही.
त्याच बोटांनी ती स्क्रू फिरवतेय,
दार आतून घट्ट लावून.
"किती दिसतात गं?"
"एकच, मॅडम."
"दोन असतात. लिहून टाक, साडेचारची गाडी चुकेल."
"दिसंना तर कसं लिहू?"

मी गप्प.
मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पडलीय माझी,
मला तर आता एकही नीट दिसत नाही.

ती फट बारीक करते. अजून बारीक.
श्वास रोखून.
"स्वल्प तडीरी," कानडीत पुटपुटते,
मला, की त्या उजेडाला, कोण जाणे.
बाहेर गाडीची शिट्टी होते. गेली.

तिचं जर्नल माझ्या मांडीवर उघडं.
मी पेन्सिलीला टोक काढून बसलेय,
आकडे लिहून घ्यायला.