अस्तर

संग्रहालयातली मुलगी विचारते,
"बाईंबद्दल काही सांगा ना, मिसेस प्रिचर्ड."
मी झगा उलटा करते.
सांगण्यासारखं सगळं आतल्या बाजूला आहे.

झगा मुळात तिचा नव्हताच.
तिच्यासाठी होता काळा सुती फ्रॉक,
वर पांढरा ॲप्रन, हातात ट्रे.
अकरा नाटकं, अकरा मोलकरणी,
"जेवण वाढलंय, बाईसाहेब."
तेवढं एक वाक्य. ते ती रोज वेगळं म्हणायची:
कधी खाली स्वयंपाकघरात भांडण जुंपल्यासारखं,
कधी घरात कुणी गेलंय
आणि अजून कुणाला सांगितलेलं नाही, तसं.
गॅलरीतली पोरं त्या वाक्यासाठी तिकीट काढायची.
मॅनेजरला हे कधी कळलं नाही.

रात्री खेळ सुटला की गोदीकडे पळायची,
'अँकर'च्या तळघरात, जिथे भिंतींनाही कोळशाची ओल.
बाप बोटीच्या भट्टीत कोळसा ओढणारा, केप व्हर्देचा.
आई मर्थरची, चॅपलात पहिल्या बाकावर.
त्या चॅपलात हिला दोनदा उभं केलं होतं:
"ग्वेनिथ मोंतेरो, स्तोत्र संपलं."
तिचं संपलेलं नसायचं.

समेवर यायची घाईच नव्हती तिला.
ड्रमवाला केव्हाचा पोचून दारात उभा,
आणि ही अजून रस्त्यात, कुणाशी तरी बोलतेय.
वाटायचं, चुकली. आता चुकली.
मग यायची,
आणि वाटायचं, लवकर आलो ते आपणच.

पंचावन्न सालच्या धुक्यात
लंडनची गाडी न्यूपोर्टला अडकली.
नायिका गाडीत. तिचा झगा माझ्या हातात.
सगळं नाटक पाठ असलेली एकच बाई,
ट्रे घेऊन उभी.
हुक बसेनात. मी तिला झग्यात शिवून टाकलं,
अंगावरच टाके घातले,
सुई दोनदा लागली, हूं की चूं नाही.

पडदा गेला.
तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ उठला.
खुर्चीची बैठक फाडकन वर मिटली.
मग त्याची बायको. आणखी एक फाडकन.
मी विंगेत, तोंडात टाचण्या,
बोल गं, बोल आता.
ती थांबली.
तो आवाज तिने छपरापर्यंत जाऊ दिला, विरू दिला,
त्याच्याही मागे एक श्वास जाऊ दिला,
आणि ड्रमवाल्याला ठेवायची तसं
अख्खं थिएटर दारात ताटकळत ठेवून म्हणाली,
"जेवण वाढायला सांगा."

पेपरात दोन ओळी आल्या. नाव चुकलेलं.
नायिका परतली, झगा हुंगला,
म्हणाली, हा मी घालणार नाही.
किंमत ग्वेनिथच्या पगारातून कापली,
आठवड्याला पाच शिलिंग.

मग हा झगा गायला.
लिव्हरपूल, हॅम्बुर्ग, ऑस्टेंडच्या बोटीवर एक हंगाम.
रेकॉर्ड एकच निघाली, तीनशे प्रती,
त्यातल्या निम्म्या तिच्याच पलंगाखाली.
नाटकवाले बोलावत राहिले: दाई, चेटकीण, नर्स.
एकदा विंगेतून गायली, ओठ दुसरीने हलवले,
फुलं दुसरीला आली. आम्ही दोघींनी चिप्स खाल्ल्या.
साठीला टेकल्यावर राणी मिळाली तिला,
शाळेच्या हॉलमध्ये, बेचाळीस खुर्च्या.
एकही बैठक मिटली नाही. मी मोजत होते.

हे पाहा, काखेत मिठाच्या रेघा,
एकावर एक, धक्क्यावर भरतीच्या उमटतात तशा.
मुलगी म्हणते, मांडण्याआधी धुऊन घेऊ.
नको.
आणि हे काळे टाके त्या रात्रीचे,
घाईत हिरवा दोरा सापडला नाही.
कापूनच काढावं लागलं तिला, अर्धे तसेच राहिले.
"असू देत, प्रिच," म्हणायची,
"तिथे मी नीट उभी राहते."

मुलगी वहीत लिहिते: सॅटिन, हिरवं. दोऱ्याचे अवशेष.
"माप काय लिहू?"
सव्वीस, मी म्हणते.
मग तिला ते खोडायला लावते.